सीटखालचं बटण

भुजंग परत आला तेव्हा सिंधु मशिनीखाली होती.

गवत कापायच्या मशिनीचं एक अंग विटांवर चढवलेलं होतं आणि ती पाठीवर पडून, पात्यांवरच्या लोखंडी टोपाला आतून चिकटलेलं वाळकं गवत खुरप्यानं खरवडत होती. डोळ्यांत कचरा पडत होता. तेवढ्यात ओसरीवरून सासूचा, सरजाबाईचा, आवाज आला, "आगं माय! भुजंगा!" आणि मागोमाग रडणं. सिंधुला खालून फक्त पाय दिसले. धुळकटलेल्या चपला, काळी पँट, आणि डाव्या घोट्यावरची सायलेन्सरनं भाजल्याची जुनी खूण. तेवढी खूण तिला पुरेशी होती.

तिनं खुरपं थांबवलं नाही.

आईच्या मिठीतून सुटून ते पाय मशिनीजवळ आले. मग वरून आवाज आला, "अजून चालती व्हय ही मशीन?"

चार वर्षांनी नवरा दारात येतो आणि पहिलं हे विचारतो. कशी हायस न्हाई, पाय कसा हाय न्हाई. सिंधु सरपटत बाहेर आली, साडीवर घातलेल्या जुन्या सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "चालती." मग मोरीवर जाऊन हात घासायला बसली. हातावरचं ग्रीस कधीच निघून गेलं, तरी ती घासतच राहिली.

संध्याकाळपर्यंत गल्ली लोटली. चाकूरसारख्या गावात अशी बातमी घरात राहत नाही. बायका येऊन सिंधुच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या, "आला बाई एकदाचा, तुझं नशीब," म्हणून गेल्या. पुरुष ओसरीवर भुजंगाभोवती बसले. तो पुण्याकडं कुठल्याशा कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, तिथलं पाणी कसं बाधतं, तिथली माणसं कशी बोलतात, सगळं त्यानं सांगितलं. का गेलास, असं एकानंही विचारलं नाही. सरजाबाईनं धपाटे केले, लेकाच्या ताटात ताज्या लोण्याचा गोळा ठेवला. सिंधु चुलीपुढं बसून एकेक धपाटा असा उलटत होती की तवा वाजत होता.

ती मशीन म्हणजे गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर होता. वर माणूस बसतो, खाली पोटाशी दोन पाती भिंगरीसारखी फिरतात. बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर ती होती. भुजंग त्याच कारखान्यावर ड्रायव्हर. लिलावात सगळे हसले तरी त्यानं ती घेतली, आणि त्याचं ते खरं ठरलं. लातूर रोडला, नांदेड रोडला लग्नाची लॉन निघाली होती, प्रत्येकाला गवत सारखं करून पाहिजे होतं. भुजंग मशिनीवर बसायचा आणि सिंधु पुढं दगडगोटे उचलायची, मागं दाताळ्यानं गवत ओढायची.

मशीन जुनी, नखरे फार. त्यातला एक भुजंगाला मुळीच खपत नव्हता. सीटखाली एक बटण होतं. माणूस सीटवर बसला की ते दाबलं जायचं, उठला की सुटायचं आणि इंजिन बंद व्हायचं. खाली पाती फिरत असताना ड्रायव्हरनं उतरू नये, म्हणून बनवणाऱ्यानं केलेली सोय. पण भुजंगाला मधे खुर्ची सरकवायला उतरावं लागायचं, कुणाचा फोन आला की उतरावं लागायचं, आणि दर वेळी म्हातारी बॅटरी सेल्फ मारताना कुंथायची. एक दिवस त्यानं सीट उचलली, बटणाच्या दोन्ही वायरी सोलल्या आणि एकमेकींना पीळ घालून टाकल्या. आता रिकाम्या सीटनंही मशीन चालायची. त्यानं ते सिंधुला मोठ्या कौतुकानं दाखवलंही होतं.

त्या पावसाळ्यात अण्णारावांच्या लॉनवर गवत ओलं होतं. पात्यांत गोळे अडकत होते. भुजंग उताराला मशीन लावून, इंजिन चालूच ठेवून, तंबाखू मळायला अण्णारावांकडं गेला. अण्णाराव म्हणजे लॉनचे मालक, गप्पांचे शौकीन. सिंधु वाकून टोपाच्या कडेचा गोळा ओढत होती. मशीन हातभर सरकली. तेवढंच. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

भुजंगानंच तिला उचलून जीपमध्ये घातलं. दवाखान्यात तो लहान लेकरासारखा रडला. "बॅटरी उतरंल मनून केलं गं, बॅटरी उतरंल मनून," एवढंच म्हणत राहिला. तिनंच त्याला समजावलं होतं, स्वतःच्या पायाला पट्टी असताना. घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी तो लातूरहून नवी बॅटरी आणतो म्हणून गेला आणि आलाच नाही. सणासुदीला शेजारच्या फोनवर आईशी बोलायचा. सिंधुला एकदाही बोलावलं नाही त्यानं फोनवर.

हिमायतनगरहून भाऊ न्यायला आले होते. ती गेली नाही. त्याला कारण सरजाबाई. त्या महिन्यांत सासूनं तिला न्हाऊ घातलं होतं, जखम धुतली होती, तिचं सगळं केलं होतं, आणि कधी नाक मुरडलं नव्हतं. तिला एकटी टाकून माहेरी जायचं सिंधुला जमलं नाही.

मशीन परसात पत्र्याखाली पडून होती. भंगारात घाल, सगळ्यांनी सांगितलं. सिंधुलाही तेच करायचं होतं. पण भंगारवाला आला, त्यानं सीटवर थाप मारली, आणि सिंधुला त्या पिळलेल्या वायरी आठवल्या. तिनं भंगारवाल्याला परत पाठवलं आणि गावातल्या मल्लेशला बोलावलं. मल्लेश मूळचा देगलूरकडचा, पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, बोलताना मधेच तेलुगू यायचं. "अक्का, काय करू हिचं?" त्यानं विचारलं.

"पयलं ते बटण बसव. बाकीचं मागून."

तसलं बटण कुठंच मिळेना. शेवटी मल्लेशनं मोटरसायकलच्या ब्रेकचं बटण बसवलं, आणि सिंधुनं स्वतः दहादा उठबस करून बघितलं. मग बाकीचं निघालं. आणि जे जे उघडलं तिथं भुजंग निघाला. खिळ्याच्या जागी तार, टाकीच्या चिरेला साबण, पुलीखाली चपलेचा तुकडा. जिथं तिथं भागवलेलं, जिथं तिथं उद्यावर ढकललेलं. सिंधु एकेक काढून फेकत गेली आणि प्रत्येक तुकड्यागणिक नवऱ्याला शिव्या घालत गेली. मल्लेशला हसू यायचं, पण तिचा चेहरा बघून तो गप बसायचा. पाती काढून धार लावायची कशी, पट्टा चढवायचा कसा, प्लग कधी पुसायचा, हे ती अशी शिकली. रागातच शिकली. पहिल्यांदा मशिनीवर बसून ती अण्णारावांच्या लॉनवर गेली तेव्हा पायात जाड बूट होते आणि दात एकमेकांवर रोवलेले होते.

ती मशीन चार वर्षं तिनं जिती ठेवली होती. आणि आता हा येऊन विचारतो, अजून चालती व्हय?

भुजंग आल्यानंतरच्या आठवड्यात अण्णारावांचा फोन आला. आला तो भुजंगाच्या फोनवर. संध्याकाळी साखरपुडा होता, त्याच्या आत गवत करून पाहिजे होतं. चार वर्षं हेच अण्णाराव सिंधुला फोन करत होते. फोन ठेवून भुजंग म्हणाला, "आण्णाराव मनतेत, आता तूच ये. किल्ली कुठं हाय?"

सिंधु ज्वारी निवडत होती. "किल्ली माझ्याजवळ हाय. मी जाते."

"आगं, मी असताना तू कामून?"

"तुमी नसताना मीच जात होते मनून."

तो अंगणात जाऊन उभा राहिला. मग सरजाबाई आली, सिंधुच्या जवळ बसली, सुपातली ज्वारी उगंच चिवडली. "सिंधु, एकदा बसू दे त्याला. रिकामा बसला तर पुन्यांदा जाईल बघ. माझं वय का आता त्याची वाट बघायचं हाय? तुला तरी मी कधी काय मागितलं?"

खरंच मागितलं नव्हतं. सिंधुनं कमरेची किल्ली सोडली आणि सासूच्या हातात दिली. त्याच्या हातात नाही दिली. पण ती घरी थांबली नाही. दाताळं घेऊन तीही मशीन न्यायला आलेल्या टेंपोत चढली.

भुजंगाचा हात चांगला होता, हे तिला मानावं लागलं, आणि त्यानं तिचा जीव आणखी जळला. वहीतल्या रेघांसारख्या एकीशेजारी एक सरळ ओळी पडत होत्या. अण्णाराव व्हरांड्यातून ओरडले, "वा रे भुजंग! मर्दाचा हात तो मर्दाचा हात!" सिंधु दाताळं ओढत राहिली. तिच्या चार वर्षांच्या ओळींना कुणी व्हरांड्यातून ओरडलं नव्हतं.

मधे एक खुर्ची आली. भुजंग उतरला, इंजिन बंद. चढला, सेल्फ मारला. पुन्हा एक खुंटी आली. पुन्हा बंद. "हे काय खेळणं करून ठेवलंय?" तो ओरडला.

"ते तसंच ऱ्हाईल," ती म्हणाली.

दुपारी प्यायचं पाणी संपलं. ती कळशी घेऊन मागच्या हौदावर गेली. परत येताना भिंतीपलीकडून इंजिनाचा आवाज येत होता, पण तो एका जागी येत होता. मशीन चालताना आवाज फिरतो. हा फिरत नव्हता. सिंधुची पावलं आपोआप जलद झाली.

कोपऱ्यावरून वळली आणि तिला दिसलं. मशीन उताराला उभी, इंजिन धडधडतंय, खाली गवताचा धुरळा उडतोय म्हणजे पाती फिरताहेत, आणि सीट रिकामी. भुजंग लांब व्हरांड्याच्या पायरीवर अण्णारावांपुढं तळहातावर तंबाखू मळतोय. आणि मशिनीच्या अगदी पुढं पुनम, लॉनवर झाडलोट करणारी नवी पोरगी, नुकतंच लग्न झालेली, पातळ चपला घालून वाकलेली. टोपाच्या कडेला अडकलेला प्लास्टिकचा ग्लास ओढत होती.

सिंधुच्या हातून कळशी कधी पडली तिला कळलं नाही. "पुनम! मागं हो!" ती धावली. बोटं नसलेला पाय धावताना वाकडा पडतो, तो पडला, ती आपटली, उठली, आणि पुनमच्या दंडाला धरून तिला असं खेचलं की दोघी गवतावर पडल्या. मग वर हात घालून तिनं किल्ली फिरवली. इंजिन आचके देत थांबलं.

पुनम रडायला लागली. तिला काय झालं हेही कळलं नव्हतं. सिंधुनं तिचे दोन्ही पाय हातानं चाचपून बघितले, बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून बघितली. मग उठली आणि सीट वर केली.

दोन वायरी. सोललेल्या. एकमेकींना पीळ घातलेल्या.

भुजंग पळत आला होता. "काय झालं? काय झालं गं?"

"कुणी बांधल्या?"

"आगं, घडीघडी बंद पडून राहिली. बॅटरी उतरंल मनून..."

तेच. शब्दाला शब्द तेच. दवाखान्यात रडत रडत म्हणाला होता तेच वाक्य. सिंधुच्या कानात कुणी फुंकणी घालून फुंकल्यासारखं झालं.

"तू," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. तोंडातून एकदा निघालं आणि मग थांबायचं कारणच उरलं नाही. "तू चपला काढ. काढ मनते ना! ठेव पाय हितं, पात्यापुढं. मी चालू करते आन खाली उतरते. बगू आज कुणाची बॅटरी उतरती."

"सिंधु, लोकं बगून राहिलेत."

"बगू दे की! चार वर्सं मी लंगडत ह्याच लोकांपुढनं गेले. तवा न्हाई लाज वाटली तुला. माझी दोन बोटं गेली, तुला काय कळलं रे त्यातनं? काय शिकलास? पयल्याच दिवशी सीट उचलून तीच वायर! तीच! ह्या पोरीची चूक काय होती?"

भुजंग एक पाऊल मागं सरला. अण्णाराव पायऱ्या उतरून आले, हात वर करून. "सिंधुताई, जाऊ द्या. कायी झालं तर न्हाई ना?"

ती त्यांच्याकडं वळली. "मागल्या येळंला झालं तवा बी तुमी हितंच तंबाखू खात होता, आण्णाराव. ह्याच गवतावर माझं रगत सांडलं. दुसऱ्या दिवशी पाणी मारून लग्न लावलं तुमी. मी कायी बोलले न्हाई. आज बोलते. तुमचं गवत आता तुमीच कापा."

"आन साखरपुडा? अर्धंच कापलंय!"

"अर्धंच ऱ्हाऊ द्या. पावण्यांनी विचारलं तर सांगा कामून ते."

तिनं वायरींचा पीळ सोडवला. दोन्ही टोकं परत बटणाला जोडली, वरून फडक्याची चिंधी बांधली. टेंपो संध्याकाळी यायचा होता. तिला एक क्षणही तिथं थांबायचं नव्हतं. ती सीटवर बसली, पाती वर उचलली आणि मशीन थेट फाटकातून बाहेर काढून लातूर रोडला लावली.

ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं जात होते. ट्रॅव्हल्सच्या खिडक्यांतून लोक डोकावत होते. उसाची ट्रॉली चालवणाऱ्या एकानं हात दाखवून काहीतरी थट्टा केली. सिंधु रस्त्याच्या कडेनं, माणसाच्या चालीनं, सरळ पुढं बघत जात होती. थोड्या वेळानं बाजूला भुजंग दिसला. तो मशिनीबरोबर चालत होता, धापा टाकत.

"सिंधु, आईक की. चूक झाली माझी." तिनं मशीन थांबवली नाही. "मी कामून गेलो माहिती हाय का तुला? मला तुझ्या पायाकडं बगवत न्हवतं. दररोज ती पट्टी सोडायची माय, आन मला बगवत न्हवतं. मनून गेलो."

सिंधुनं ब्रेक दाबला. एवढा वेळ आग होती, आता ती आग थंड लोखंडासारखी झाली होती.

"मला बी बगवत न्हवतं," ती म्हणाली. "पण तो माझ्याच अंगाला हाय. मी कुठं पळून जाऊ?"

ती पुढं निघाली. तो जरा अंतर मागून चालत राहिला, मग एका टपरीशी थांबला. वळून बघायची तिला गरज वाटली नाही.

घरी सरजाबाई दारातच होती. गावात फोन पोचला होता. सिंधुनं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. पुनम कुठं वाकली होती तेही जमिनीवर बसून दाखवलं.

सरजाबाई उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "त्यानं चुकी केली. लई मोठी चुकी केली. पण मी काय करू, सिंधु? पोटचा हाय."

"तुमाला मी काढा मनत न्हाई त्याला."

"मग?"

"घर तुमचं हाय, आत्या. तो हितं ऱ्हाणार. तर मी ऱ्हाणार न्हाई."

"आसं भरल्या घरातून जाऊ नको गं."

"तुमच्यासाठी किल्ली दिली होती मी. एका शब्दानं मागितली, एका शब्दानं दिली. आज त्या पोरीचा पाय गेला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं तिच्या माणसांना?"

सरजाबाई एकदम उसळली. "मग माझ्यावर घाल ना सगळं! तुझी बोटं गेली ती बी माझ्यावर घाल! चार वर्सं केलं तुझं, त्याचं हे फळ!"

"केलं ना. मनूनच चार वर्सं ऱ्हायले."

त्या रात्री दोघींनी आपापल्या हातानं वाढून घेतलं. भुजंग आला, बाहेरच्या बाहेर झोपला.

लातूरच्या एका कॉलेजचं मोठं मैदान सिंधु अधूनमधून करत होती. तिथल्या खेळाच्या प्राध्यापक बुद्धप्रिया मॅडम नांदेडच्या, कडक बोलणाऱ्या, मुलींची क्रिकेटची टीम चालवायच्या. त्यांनी मागंच विचारलं होतं, कायमची येतेस का, मैदानाच्या कडेला खोली रिकामी आहे. सासूसाठी सिंधुनं नाही म्हटलं होतं. आता तिनं फोन केला. मॅडमनी कारण विचारलं नाही. "मशीन घेऊन येणार ना? मग झालं," एवढंच म्हणाल्या.

मल्लेशनं छोटा हत्ती टेंपो आणला, दोघांनी फळ्या लावून मशीन वर चढवली. भुजंग हात लावायला पुढं आला. "लांब ऱ्हा," सिंधु म्हणाली, आणि तो लांब राहिला. ती पाया पडायला सासूकडं गेली तर सरजाबाईनं पाय मागं घेतले. "जा. तू बी जा. सगळेच जा." टेंपो गल्लीच्या तोंडाशी गेला तरी मागून तिचा आवाज येत होता.

लातूरला पहिल्याच आठवड्यात मशिनीचा पट्टा तुटला. गवत तसंच उभं, मुलींची मॅच तोंडावर. लातूरला तसला मिळेना, तेव्हा सिंधु तुटका पट्टा पिशवीत घालून नांदेडला गेली, दुकानामागून दुकान पालथं घातलं. एकानं सांगितलं, घरच्या माणसाला पाठवा, त्याला समजंल. सिंधुनं तुटका पट्टा त्याच्या काउंटरवर आपटला. "घरचं माणूस मीच हाय. दाखवा काय असंल ते." दुकानदारानं मुकाट्यानं वरची खोकी खाली काढली. पिठाच्या गिरणीचा एक पट्टा बरोबर बसला. मॅचच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मैदान झालं. बुद्धप्रिया मॅडम सीमारेषेवरून एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "पूर्वेच्या बाजूला जरा उंच राहिलंय." सिंधुला त्यांचं तेच आवडायचं.

पुढं एका बाजारच्या दिवशी ती मैदानावर मशीन फिरवत असताना फाटकातून सरजाबाई आत आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, उन्हानं लाल झालेली. एसटीनं एकटी आली होती. सिंधुनं मशीन थांबवली, उतरली, इंजिन बंद पडलं. सरजाबाई त्या बंद पडलेल्या मशिनीकडं बघत राहिली. इतकी वर्षं घरात होती मशीन, तरी तिनं ती कामावर कधी पाहिली नव्हती.

झाडाखाली दोघी बसल्या. सिंधुनं चहा मागवला. सरजाबाईनं बशीत ओतला आणि प्यायच्या आधीच सुरू झाली. भुजंग आता एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहे. दारू नाही, काही नाही. दर संध्याकाळी घरी येतो. पुनमच्या घरी जाऊन पाया पडून आला. "सुदरलाय तो. चल आता."

"चांगलं हाय," सिंधु म्हणाली. "पण मी येत न्हाई."

"मी म्हातारी हाय, सिंधु."

"मग तुमीच हितं या."

"लेकाला सोडून? लोकं काय मनतील?"

"त्यानं मला सोडताना लोकं कायी मनले न्हाईत."

सरजाबाईनं बशी खाली आदळली, चहा सांडला. "त्याला मी जन्म दिला, हे माझं चुकलं का?"

सिंधु तिच्याकडं बघत राहिली. ह्या बाईनं आपली जखम धुतली होती, हे तिला आठवत होतं, आणि तरीही राग होता, दोन्ही एकाच जागी होते आणि कुणी कुणाला हटवत नव्हतं. "जन्म दिला ते न्हाई चुकलं, आत्या," ती म्हणाली. "किल्ली मागितली ते चुकलं. आन मी दिली, ते माझं बी चुकलं. तुमी कबूल करा, मग पुढचं बोलू."

"सासूनं सुनंपुढं कबूल करायचं?"

"हाव."

सरजाबाई उठली. पिशवी उचलली, पदर झटकला. पिशवीतून एक गाठोडं काढून तिनं झाडाच्या पारावर जवळजवळ फेकलं. धपाटे होते. "खा. वाळून गेलीस," ती रागानंच म्हणाली आणि फाटकाकडं चालू लागली. सिंधु मागोमाग गेली, रिक्षा केली, स्टँडवर तिला चाकूरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीची जागा धरून दिली. गाडी हलली तरी सरजाबाईनं खिडकीतून बघितलं नाही.

सिंधु मैदानावर परतली तेव्हा मुली सरावाला जमत होत्या आणि अर्धं गवत कापायचं तसंच राहिलं होतं. बुद्धप्रिया मॅडम घड्याळ बघत होत्या.

"कोण आल्या होत्या?"

"माझी सासू."

"राहणार आहेत इथं?"

"न्हाई." सिंधु सीटवर बसली, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. तिला आवाज चढवून बोलावं लागलं. "पण पुढल्या बाजारला पुन्यांदा येतील, मॅडम. भांडण अर्धंच ऱ्हायलंय."